संकेतांना जागा कोठे? डिजिटल टेलिफोन वाहिनीची चार दशके

टेलिफोनच्या तारेवरून दोन प्रकारची माहिती वाहत असते. पहिली म्हणजे बोलणाऱ्या माणसाचा आवाज. दुसरी म्हणजे रिसीव्हर उचलला गेला, अमुक क्रमांक फिरवला गेला, पलीकडून उत्तर मिळाले, संभाषण संपून रिसीव्हर खाली ठेवला गेला, अशा घडामोडींची एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला दिलेली वर्दी. या दुसऱ्या प्रकारच्या देवाणघेवाणीला दूरसंचारशास्त्रात संकेतन म्हणतात. बोलणाऱ्यांचे तिच्याकडे लक्ष जात नाही. पण जोडणी करणे, तिचा काळ मोजणे, बिल आकारणे आणि जोडणी तोडणे ही सारी कामे संकेतांच्याच आधारे होत असल्यामुळे, ज्याच्या हाती संकेत त्याच्या हाती टेलिफोनचे जाळे, असे या क्षेत्राच्या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते. आवाजाचे रूपांतर आकड्यांत कसे झाले ही हकिगत बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. त्या आकड्यांच्या प्रवाहात संकेतांना जागा कोठे द्यायची, हा प्रश्न अभियंत्यांनी दर पिढीत नव्याने कसा सोडवला आणि त्या प्रत्येक उत्तराने जाळ्यावरची सत्ता कशी हलली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जुन्या, म्हणजे अ‍ॅनालॉग, व्यवस्थेत ग्राहकाच्या घरापुरता हा प्रश्न सोपा होता. एक्स्चेंजमधून येणाऱ्या दोन तारांत सुमारे ४८ व्होल्टचा दाब असे. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहू लागे आणि तबकडी फिरवली की तो प्रवाह आकड्याइतक्या वेळा खंडित होई. आवाज आणि संकेत दोघेही त्याच तारेवर असूनही एकमेकांच्या आड येत नसत, कारण संकेत एकदिश प्रवाहाचा आणि आवाज त्यावर स्वार झालेल्या कंपनांचा असे. लांब पल्ल्याच्या ट्रंक मार्गांवर मात्र मध्ये प्रवर्धक आणि ट्रान्सफॉर्मर येत आणि त्यांतून एकदिश प्रवाह पलीकडे जात नसे, म्हणून तेथे संकेतांनाही आवाजाचेच रूप द्यावे लागले. अमेरिकेच्या बेल सिस्टिमने रिकाम्या ट्रंकवर २,६०० हर्ट्झचा अखंड सूर ठेवण्याची पद्धत स्वीकारली. सूर थांबला म्हणजे ट्रंक वापरात आली आणि पुन्हा सुरू झाला म्हणजे संभाषण संपले, असा त्याचा अर्थ होता. क्रमांकाचे आकडे दोन-दोन सुरांच्या जोड्यांनी पाठवले जात. संकेत आवाजाच्याच वाटेने धाडण्याच्या या निर्णयाची किंमत पुढे चुकवावी लागली.

डिजिटल पर्यायाचा उगम यापूर्वीच झालेला होता. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलेक रीव्ह्ज हे १९३७ साली आयटीटी या कंपनीच्या पॅरिसमधील प्रयोगशाळेत काम करीत असताना प्रवर्धकांच्या एका मूलभूत दोषाशी झगडत होते. प्रत्येक प्रवर्धक आवाजाबरोबर त्यात मिसळलेली खरखरही मोठी करतो, आणि मार्ग जितका लांब तितकी ही खरखर साचत जाते. आवाजाची पातळी ठरावीक अंतराने मोजून ते माप केवळ असणे आणि नसणे अशा दोनच अवस्थांच्या स्पंदांनी पाठवले, तर वाटेतल्या यंत्राला स्पंद आहे की नाही एवढेच ओळखायचे राहते आणि ओळखल्यावर तो कोरा करकरीत नव्याने निर्माण करता येतो, हे रीव्ह्ज यांनी जाणले. या पद्धतीला स्पंद-संकेत अधिमिश्रण, व्यवहारात पीसीएम, हे नाव पडले. फ्रान्समध्ये १९३८ साली तिचे पेटंट नोंदले गेले. परंतु ती प्रत्यक्षात आणण्यासाठी लागणारी असंख्य मंडले त्या काळच्या निर्वात नलिकांनी बांधणे परवडणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात खर्चाचा विचार बाजूला पडला, तेव्हा बेल प्रयोगशाळेने दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या गुप्त संभाषणासाठी बांधलेल्या सिगसॅली या यंत्रणेत आवाजाचे गुणधर्म आकड्यांत बदलून सांकेतिक स्वरूपात पाठवले गेले. १९४३ साली कार्यान्वित झालेल्या त्या यंत्रणेच्या एका केंद्राचे वजन ५० टनांहून अधिक भरत असे, यावरून नलिकांच्या युगात ही कल्पना सामान्य ग्राहकापासून किती दूर होती ते कळते.

१९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेतच ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हे अंतर कमी होऊ लागले. तरीही डिजिटल वाहिनी प्रथम जन्मली ती शहरांच्या पोटात दाटलेल्या भूमिगत केबलींच्या गरजेतून. महानगरातील एका एक्स्चेंजपासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक संभाषणाला तारांची निदान एक स्वतंत्र जोडी लागे. रस्त्याखालचे नळ भरत आले होते आणि नवे खोदकाम अतिशय खर्चिक होते. एकाच तारेवर अनेक संभाषणे वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर चढवण्याची वाहक पद्धत लांब मार्गांवर रूढ होती खरी, पण तिची टोकांची यंत्रे इतकी महाग पडत की दहा-वीस किलोमीटरच्या अंतरासाठी ती वापरणे तोट्याचे ठरे. बेल प्रयोगशाळेने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतलेल्या आणि १९६२ साली शिकागो परिसरात व्यावसायिक सेवेत आणलेल्या टी-वन वाहिनीने हा पेच सोडवला.

टी-वनची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. टेलिफोनचा आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात मर्यादित ठेवला जातो. एखाद्या कंपनाचे पूर्ण स्वरूप परत मिळवायचे तर त्याच्या कमाल कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा त्याचे नमुने घ्यावे लागतात, या सिद्धांतानुसार सेकंदाला ८,००० नमुने घेण्याचे ठरले. दर नमुन्याच्या वेळी २४ संभाषणांचे प्रत्येकी आठ बिट, म्हणजे असणे किंवा नसणे दाखवणारे आकडे, एकामागून एक लावले की १९२ बिट होतात. त्यांच्या जोडीला, रांग कोठून सुरू होते हे ओळखण्यासाठी, आणखी एक बिट घातला की १९३ बिटांची एक फ्रेम तयार होते, आणि अशा ८,००० फ्रेम सेकंदाला धाडल्या की वाहिनीचा वेग १५,४४,००० बिट एवढा येतो. जुन्या केबलींवर आवाज टिकवण्यासाठी सुमारे ६,००० फुटांवर लोडिंग कॉइल नावाची वेटोळी बसवलेली असत. ती काढून त्याच मॅनहोलमध्ये स्पंद नव्याने घडवणारे रिपीटर बसवता यावेत, असा विचार करून वाहिनीचा वेग ठरवला गेला. जमिनीखाली आधीपासून असलेल्या तारांच्या केवळ दोन जोड्यांवर, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी, २४ संभाषणे धावू लागली आणि रिपीटरना लागणारी वीजही एक्स्चेंजमधून त्याच तारांवरून पुरवली गेली.

तारेवर स्पंद कसे चढवायचे याचाही बारकाईने विचार झालेला होता. एकाची अवस्था दाखवणारे स्पंद आळीपाळीने धन आणि ऋण ठेवले जात, त्यामुळे सरासरी दाब शून्य राहून संकेत ट्रान्सफॉर्मरमधून विनासायास पार होई आणि सलग दोन स्पंद एकाच ध्रुवतेचे आले की वाटेत चूक झाल्याचे ताबडतोब कळे. मात्र शून्यांची लांब ओळ आली तर तारेवर काहीच हालचाल राहत नसे आणि रिपीटरची कालगणना, जी येणाऱ्या स्पंदांवरूनच चालत असे, भरकटत असे. पुढे शून्यांच्या लांब ओळीच्या जागी ओळखता येईल असा ठरावीक नियमभंग पाठवण्याच्या पद्धती आल्या. अमेरिकेत बी-एट-झेड-एस आणि युरोपात एचडीबी-थ्री या नावांनी त्या रूढ झाल्या.

आता मूळ प्रश्न. पहिल्या पिढीच्या टी-वन यंत्रांत, म्हणजे डी-वन बँकेत, प्रत्येक संभाषणाच्या आठ बिटांपैकी सात आवाजासाठी होते आणि आठवा कायमचा संकेतांसाठी राखलेला होता. ट्रंक रिकामी आहे की व्यापलेली, एवढेच सांगण्यासाठी आणि सेकंदाला सुमारे दहा या गतीने येणाऱ्या तबकडीच्या स्पंदांसाठी सेकंदाला ८,००० बिट खर्ची घालणे ही उधळपट्टी होती. शहरातल्या शहरात सात बिटांचा आवाज चालून जाई. पण एकाच संभाषणाचे अनेकवार अ‍ॅनालॉगमधून डिजिटलमध्ये आणि परत असे रूपांतर होऊ लागले, तेव्हा मापनातील सूक्ष्म चुका साचून आवाज खरखरू लागला. म्हणून डी-टू या पुढच्या पिढीने आवाजाला पूर्ण आठ बिट दिले आणि संकेतांसाठी एक चतुर तडजोड काढली. बारा फ्रेमचा एक संच मानून त्यातील सहाव्या आणि बाराव्या फ्रेममध्येच प्रत्येक नमुन्याचा सर्वांत कमी मोलाचा बिट आवाजाकडून उसना घ्यायचा आणि त्यावर संकेत पाठवायचा. सहाव्या फ्रेममधला तो ए-बिट आणि बाराव्यातला बी-बिट. कानाला हा फरक जाणवत नाही, पण टेलिफोनच्या वाहिनीवरून संगणकाची माहिती पाठवायची वेळ आली तेव्हा नेमका कोणता बिट केव्हा बदलला जाईल याची खात्री देता येईना, आणि ६४,००० बिटांच्या वाहिनीचे ५६,००० बिटच विश्वासाने वापरता येऊ लागले. आवाजासाठी केलेली काटकसर पुढच्या पिढीच्या गरजेला अशी आडवी आली.

युरोपने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. तेथील डाक-तार प्रशासनांच्या सेप्ट या संघटनेने ठरवलेल्या आणि पुढे ई-वन म्हणून ओळखल्या गेलेल्या वाहिनीत एका फ्रेममध्ये ३२ कालखंड असतात आणि तिचा वेग सेकंदाला २०,४८,००० बिट असतो. पहिला म्हणजे शून्य क्रमांकाचा कालखंड फ्रेमची ओळख पटवण्यासाठी, सोळा क्रमांकाचा संकेतांसाठी आणि उरलेले तीस संभाषणांसाठी राखले गेले. सोळा फ्रेमच्या एका संचात पहिल्या फ्रेमने संचाची सुरुवात सांगायची आणि उरलेल्या पंधरांपैकी प्रत्येकीने दोन संभाषणांचे चार-चार संकेतबिट वाहायचे, म्हणजे तिसांचा हिशेब दोन मिलिसेकंदांत पुरा होतो. आवाजातून काहीही उसने घ्यावे लागत नाही. या बिटांच्या जोडीला क्रमांकाचे आकडे आर-टू नावाच्या सुरांच्या पद्धतीने पाठवले जात. तिच्यात प्रत्येक आकड्याला पलीकडच्या एक्स्चेंजकडून उलट सुराने पोच मिळाल्यावरच पुढचा आकडा जाई. अमेरिकेने आधी वाहिनी बांधून मग संकेतांसाठी सोय काढली, आणि नंतर आलेल्या युरोपने त्या अनुभवावरून शिकून संकेतांना सुरुवातीपासून स्वतंत्र घर दिले.

दरम्यान, सुरांवर विसंबलेल्या जुन्या पद्धतीचे वर्म उघडे पडले होते. क्रमांकांच्या सुरांचे तपशील १९६० साली बेल सिस्टिमच्या स्वतःच्या तांत्रिक नियतकालिकात छापून आले होते. जिज्ञासू तरुणांनी ते वाचून २,६०० हर्ट्झचा सूर आणि आकड्यांच्या सुरांच्या जोड्या निर्माण करणाऱ्या छोट्या पेट्या बनवल्या आणि लांब पल्ल्याच्या ट्रंका आपल्या इच्छेप्रमाणे चालवल्या. १९७१ च्या ऑक्टोबरात एस्क्वायर मासिकात या ब्लू बॉक्सवर लेख आला आणि तो वाचून अशी पेटी बांधणाऱ्यांत अ‍ॅपल कंपनीचे भावी संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज हेही होते. संकेत आवाजाच्या वाटेने जात असतील तर ज्याला आवाज काढता येतो त्याला हुकूमही देता येतो, हा धडा दूरसंचार कंपन्यांना मिळाला. ट्रंकची स्थिती बिटांनी कळवणाऱ्या डिजिटल वाहिनीवर २,६०० हर्ट्झच्या सुराला काहीच अर्थ उरत नसल्यामुळे टी-वनच्या प्रसाराने हा मार्ग आपोआप अरुंद होत गेला. पुढचे पाऊल मात्र हेतुपुरस्सर टाकले गेले. १९७६ पासून बेल सिस्टिमने एक्स्चेंजांमधील सर्व संकेत संभाषणांपासून तोडून स्वतंत्र माहितीवाहिनीवर नेण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी जानेवारीत शिकागो येथे फोर-ईएसएस हे लांब पल्ल्याचे डिजिटल एक्स्चेंजही सुरू झाले. सामाईक वाहिनीच्या या कल्पनेला सिसिट या आंतरराष्ट्रीय समितीने १९८० साली सातव्या क्रमांकाच्या संकेतनपद्धतीचे रूप दिले, आणि १९८४ च्या आयएसडीएन मानकांनी तीच कल्पना ग्राहकाच्या दारापर्यंत आणली. टी-वनवर २३ आणि ई-वनवर ३० संभाषणे, आणि जोडीला केवळ संकेतांसाठी राखलेली एक डी-वाहिनी, अशी ती पीआरआय नावाची जोडणी आहे. तिच्यावर कोण कोणाला बोलावत आहे हे सुस्पष्ट संदेशांच्या रूपात कळवले जाते.

भारताने युरोपीय मानक स्वीकारले, त्यामुळे येथील तंत्रज्ञांच्या बोलण्यात ही वाहिनी ‘टू एमबी’ किंवा ‘ई-वन’ म्हणून रुळली. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या तंत्रज्ञानावरील ई-टेन-बी एक्स्चेंजे आयात होऊ लागली आणि उत्तर प्रदेशातील मनकापूर येथे त्यांचा कारखाना उभा राहिला. त्याच वेळी स्वदेशी एक्स्चेंज बांधण्याचे आव्हान १९८४ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने उचलले. सॅम पित्रोदा यांच्या मार्गदर्शनाखाली, ३६ महिन्यांत आणि ३६ कोटी रुपयांत हे काम करण्याचा संकल्प होता. संस्थेच्या पहिल्या फळीत दूरसंचार संशोधन केंद्रातील अभियंत्यांबरोबर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डिजिटल स्विचिंगवर काम केलेले एम. व्ही. पिटके आणि त्यांचे सहकारी होते, आणि भारतीय डिजिटल टेलिफोनीच्या उभारणीत मुंबईचा हा वाटा आवर्जून नोंदवला पाहिजे. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारे १२८ पोर्टांचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. परदेशी यंत्रांची नक्कल करण्यापेक्षा आपल्या परिस्थितीला अनुरूप यंत्र घडवणे अधिक फलदायी ठरते, हे त्याने सिद्ध केले.

तरीही या संपूर्ण काळात एक गोष्ट बदलली नव्हती. वाहिनीच्या टोकाला बसणारे यंत्र बनवणे हे मोठ्या कंपन्यांचे आणि सरकारी संस्थांचे काम राहिले. त्याची कारणे तांत्रिक होती. तारेवरून आलेले मलूल झालेले स्पंद ओळखणे, त्यांच्यावरूनच घड्याळाचा ठेका वेगळा काढणे, फ्रेमची सुरुवात शोधणे, संकेतबिट वेगळे करणे आणि पाठवताना टेलिफोन कंपनीच्या ठेक्याशी तंतोतंत जुळवून घेणे, एवढी कामे त्या यंत्राला करावी लागतात. ठेका किंचितही निराळा राहिला तर थोड्या वेळाने एक अख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा येते. संभाषणात टक असा आवाज होतो आणि फॅक्स मध्येच तुटतो. १९८० आणि १९९० च्या दशकांत डॅलस सेमीकंडक्टर, मायटेल यांसारख्या कंपन्यांनी ही बहुतेक कामे एकाच चिपमध्ये बसवली आणि खरा अडथळा दूर झाला. बाजारात मिळणारी संगणक-टेलिफोन कार्डे तरीही महाग राहिली, कारण सूर ओळखणे, प्रतिध्वनी घालवणे अशा कामांसाठी त्यांच्यावर स्वतंत्र सिग्नल-प्रोसेसर बसवलेले असत आणि त्यांचे सॉफ्टवेअर बंदिस्त असे.

अमेरिकेतील जिम डिक्सन या अभियंत्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस, असे स्वतंत्र प्रोसेसर हवेतच, या गृहीतकालाच प्रश्न केला. साध्या संगणकाचा प्रोसेसर आता इतका वेगवान झाला आहे की चोवीस किंवा अठ्ठेचाळीस संभाषणांचे गणित तो स्वतःच करू शकेल. मग कार्डाने केवळ तारेवरचे बिट स्मृतीत आणून ठेवावेत आणि उरलेले सारे सॉफ्टवेअरवर सोपवावे, असा त्यांचा विचार होता. त्यानुसार त्यांनी दोन टी-वन वाहिन्या जोडता येतील असे टॉर्मेंटा नावाचे कार्ड तयार केले आणि त्याची मंडलचित्रे, छापील पाटीचा आराखडा आणि फ्रीबीएसडी या प्रणालीसाठीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, सर्वांसाठी खुला केला. या उपक्रमाला त्यांनी मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाटा यांचे नाव दिले. कार्ड मिलिसेकंदाला एकदा प्रोसेसरला हाक देई आणि त्या प्रत्येक हाकेसरशी प्रोसेसर दर वाहिनीवरचे आठ नमुने उचलून नवे आठ ठेवी; सेकंदाला हजार वेळा हे बिनचूक घडले की संभाषण अखंड राही. ए-बिट आणि बी-बिटांचा अर्थ लावणे, डी-वाहिनीवरचे संदेश वाचणे, बटणांचे सूर ओळखणे ही कामे आता कोणालाही वाचता आणि दुरुस्त करता येतील अशा प्रोग्रॅममध्ये आली.

त्याच सुमारास ऑबर्न विद्यापीठाचा विद्यार्थी मार्क स्पेन्सर याला आपल्या लहानशा लिनक्स-सेवा व्यवसायासाठी टेलिफोन एक्स्चेंज हवे होते आणि विकत घेणे परवडत नसल्यामुळे त्याने १९९९ साली अ‍ॅस्टेरिस्क नावाचा एक्स्चेंज-प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. त्याने डिक्सन यांच्या कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला आणि कार्ड व प्रोग्रॅम एकमेकांना मिळाले. पुढे पीसीआय जोडणीचे, चार टी-वन किंवा ई-वन वाहिन्या घेणारे दुसरे टॉर्मेंटा आले. स्पेन्सर यांच्या डिजियम या कंपनीने अशी कार्डे विकायला सुरुवात केली आणि झॅपटेल नावाचा हा ड्रायव्हर-संच २००८ साली दाहदी या नावाने पुढे चालू राहिला. एका साध्या संगणकात एक कार्ड बसवून छोट्या संस्थेला, शाळेला किंवा स्वयंसेवी संघटनेला स्वतःचे एक्स्चेंज चालवता येऊ लागले, आणि तारेच्या टोकाशी काय चालते हे शिकण्यासाठी मोठ्या कंपनीत नोकरी करण्याची अट उरली नाही.

डिक्सन यांच्या कामाचे महत्त्व त्यांनी वाचवलेल्या पैशांत मोजणे अपुरे ठरेल. सुरांच्या काळात संकेतांवर ताबा मिळवणाऱ्या तरुणांनी तो चोरवाटेने मिळवला होता आणि त्याला उत्तर म्हणून संकेत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या स्वतंत्र वाहिनीवर नेण्यात आले. ते पाऊल सुरक्षिततेसाठी आवश्यकच होते, पण त्यामुळे टेलिफोनचे आतले ज्ञानही काही थोड्या संस्थांच्या भिंतींआड गेले. खुल्या कार्डाने मानकांचे पूर्ण पालन करून, टेलिफोन कंपनीच्या ठेक्याशी जुळवून घेऊन आणि तिने दिलेल्या जोडणीवरच ते ज्ञान पुन्हा लोकांसमोर ठेवले. आज संभाषणे इंटरनेटच्या पाकिटांतून जातात आणि त्यांचे संकेतही त्याच जाळ्यावरून स्वतंत्र संदेशांच्या रूपाने फिरतात. तरी त्या पाकिटांत पुष्कळदा १९६२ च्या शिकागोतले सेकंदाला ८,००० नमुनेच भरलेले असतात. टी-वन आणि ई-वनच्या तारा एकेक करून काढल्या जात असताना त्यांच्यासाठी घडवलेले हे नियम आणि त्यांवरचे खुले प्रोग्रॅम मात्र वापरात राहिले आहेत. दूरसंचार शिकणाऱ्या विद्यार्थ्याने या प्रोग्रॅमची पाने उघडून सोळाव्या कालखंडातले चार बिट किंवा सहाव्या फ्रेममधला ए-बिट स्वतः वाचून पाहावा, कारण जाळे चालवणारी सत्ता कोठे आणि कशी बसवलेली असते हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा पाठ या क्षेत्रात दुसरा नाही.